‘सर्व प्रमाणपत्रे वैध होती’ म्हणजे नेमके काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते, ‘जहाजाकडे सर्व वैध प्रमाणपत्रे होती.’ नाहीतर, ‘बोटीचे फिटनेस प्रमाणपत्र होते का, याची चौकशी सुरू आहे.’ पहिले वाक्य वाचून वाचक निर्धास्त होतो, दुसरे वाचून चिडतो. जहाजाच्या अवस्थेबद्दल मात्र त्याला दोन्ही वेळा काहीच कळलेले नसते. जहाजांच्या तपासणीशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून बातमीदारांनी यापुढे कोणते प्रश्न विचारावेत आणि शासनाने कोणती माहिती उघड करावी, यासाठी हे पत्र. ते थोडे लांबले आहे. कापायचे झाल्यास वरचे कापा, तपशील ठेवा.

ट्रकचे आरटीओत पासिंग होते तसे जहाजाचे एकच पासिंग नसते. मोठ्या मालवाहू जहाजावर बांधणी, सुरक्षा साधने आणि रेडिओ अशी तीन वेगळी सुरक्षा प्रमाणपत्रे असतात. भाररेषेचे, म्हणजे जहाज किती खोल बुडेपर्यंत भरायचे त्या मर्यादेचे, वेगळे; तेलप्रदूषण रोखण्याचे वेगळे. सुरक्षा व्यवस्थापनाचे एक कंपनीच्या नावे आणि दुसरे जहाजाच्या नावे. शिवाय पहारा-बंदोबस्ताचे, खलाशांच्या राहणीमानाचे आणि टनेजचे. यातली बहुतेक ५ वर्षांची असतात, पण दरवर्षी वर्धापन तारखेच्या ३ महिने आधी ते ३ महिने नंतर या मुदतीत वार्षिक सर्व्हे करून मागच्या पानावर सही-शिक्का घ्यावा लागतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी मधला, जास्त कडक सर्व्हे. ५ वर्षांत दोनदा जहाजाचा तळ तपासायचा, आणि त्या दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही. प्रवासी जहाजाचे सुरक्षा प्रमाणपत्र १२ महिन्यांचेच असते आणि त्याचा तळ दरवर्षी पाहावा लागतो. म्हणून पहिल्या पानावर २०२८ सालची तारीख छापलेली असली तरी मागच्या पानावर मुदतीत सही पडलेली नसेल, तर ते प्रमाणपत्र वैध राहत नाही. वार्ताहराने फोटो मागायचा तो मागच्या पानाचा.

हे सारे आंतरराष्ट्रीय करारांतून येते, आणि करारांना खालची मर्यादा असते. बांधणी व साधनांचे नियम आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ५०० टनांच्या आणि त्यापुढच्या मालवाहू जहाजांना, रेडिओचे ३०० टनांपासून, भाररेषेचे २४ मीटर लांबीपासून. १२ पेक्षा जास्त प्रवासी नेणारे जहाज प्रवासी जहाज मानले जाते. (इथला टन वजनाचा नव्हे, जहाजाच्या बंदिस्त आकारमानावरून काढलेला आकडा आहे.) या रेषेखाली, किंवा देशाबाहेर न जाणाऱ्या जहाजांसाठी, काय चालेल आणि काय नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. किनाऱ्यावरची बार्ज, टग, वाळू-कोळसा वाहणारी छोटी जहाजे, बंदरातल्या प्रवासी लाँच या सगळ्या त्या रेषेखाली. देशाच्या नियमांचा कस लागतो तो इथे. मोठ्या जहाजाला परदेशी बंदरात कोणीतरी अडवणार असते. लाँचला अडवणारे आपणच.

आपल्याकडे या कामाचा कायदा १९५८चा व्यापारी नौवहन कायदा. त्याच्या जागी आणलेला २०२५चा नवा कायदा संसदेत ऑगस्टमध्ये मंजूर झाला. जुन्याची ५६१ कलमे होती, नव्याची ३२५ आहेत. त्यात जलयानाची व्याख्या रुंदावून समुद्रातल्या फिरत्या खोदकाम यंत्रणा, पाणबुडीसारखी याने वगैरे आणली आहेत, ते योग्यच झाले. तौक्ते वादळात १७ मे २०२१ रोजी बुडालेली पी-३०५ ही स्वतःचे इंजिन नसलेली, माणसांच्या राहण्याची बार्ज होती. तिच्यावर २६१ जण होते. ज्याला स्वतःहून वादळाच्या वाटेतून हलता येत नाही अशा यानावर शेकडो माणसे ठेवायची तर त्याचे नांगर, दोर आणि तराफे यांची तपासणी चालत्या जहाजापेक्षा कडक हवी.

अंमलबजावणी मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाची आणि त्याच्या हाताखालच्या सागरी व्यापार विभागाची, म्हणजे बोलीत ‘एमएमडी’ची. पण प्रत्यक्ष सर्व्हेचे मोठे काम शासनाने मान्यता दिलेल्या क्लास सोसायट्या, म्हणजे जहाजांचा तांत्रिक दर्जा ठरवणाऱ्या संस्था, करतात. १९७५ साली स्थापन झालेली, पवईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग त्यांपैकी एक, बाकीच्या परदेशी. क्लासचे सर्टिफिकेट आणि शासनाच्या वतीने दिलेले वैधानिक सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी एकाच सर्व्हेयरने एकाच सकाळी दोन्हींवर सही केली तरी. आणि दोन्हींची फी जहाजमालक भरतो. यात लबाडी असतेच असे नाही. जगभर हीच पद्धत आहे आणि ती बहुतेक वेळा चालते. एका क्लासने अडवले म्हणून दुसऱ्यात पळता येऊ नये यासाठी मोठ्या सोसायट्यांनी आपापसांत नियम केले आहेत: आधीच्या क्लासची थकीत कामे पुरी केल्याशिवाय नवा क्लास मिळत नाही. पळवाट सापडते ती त्या मोठ्या सोसायट्यांच्या कुंपणाबाहेर.

आता प्रत्यक्ष तपासणी. सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त ओढाताण असते ती पोलादाच्या जाडीवर. ड्रायडॉकमध्ये (पाणी उपसलेल्या गोदीत) अल्ट्रासोनिक यंत्राने प्लेटची जाडी मोजतात. समजा मूळ प्लेट १२ मिमीची आहे आणि त्या जागी २० टक्के झीज चालते (ही टक्केवारी जागेनुसार आणि क्लासच्या नियमानुसार बदलते). म्हणजे ९.६ मिमीला प्लेट कापून बदलायची. चालणाऱ्या झिजेच्या तीन चतुर्थांशापलीकडे, म्हणजे १०.२ मिमीखाली गेली की ती ‘लक्षणीय गंज’ धरून मोजणी वाढवायची: एका चौरस मीटरमध्ये निदान ५ ठिकाणी. मोजणारी कंपनी मालकाने नेमलेली असते. तिला क्लासची मान्यता लागते आणि मोजणी चालू असताना सर्व्हेयरने हजर राहायचे असते, पण डॉकमध्ये एकाच वेळी चार जागी कामे चालू असतात आणि तो एकटा असतो.

चूक होते ती बरेचदा रंगामुळे. साधे यंत्र ध्वनीचा वेग पोलादाचा, सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, धरून चालते. रंगात तो निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे ०.३ मिमी रंगाचा थर यंत्राला पाऊण मिलिमीटरच्या आसपास पोलाद वाटतो, आणि ९ मिमीची प्लेट ९.७ होऊन पास होते. उपाय साधा आहे: जागा घासून चकचकीत करायची, नाहीतर एकाहून अधिक प्रतिध्वनी मोजून रंग वगळणारे यंत्र वापरायचे. अहवाल वाचणाऱ्याला एक खूण सांगून ठेवतो. गंज कधी सारखा लागत नाही. पाण्याच्या रेषेजवळ, टाकीच्या वरच्या भागात, सक्शन पाइपाखाली तो जास्त खातो. म्हणून सगळ्या प्लेटी मर्यादेच्या जरा वर, एका ओळीत ९.७, ९.८, ९.७ अशा आल्या, तर ती मोजणी समुद्राने केलेली नाही, टेबलावर झालेली आहे. पुन्हा मोजायला लावावी.

दुसरी जागा हवेने फुगणाऱ्या तराफ्यांची. तराफा पांढऱ्या पिंपात बंद असतो. पिंप पट्ट्याने पाळण्यात बांधलेले, आणि तो पट्टा हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिटमधून, म्हणजे ‘एचआरयू’तून जातो. जहाज बुडाले की दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने एचआरयू सुटते आणि पिंप वर तरंगते. तराफ्यातून निघालेला लांब दोर, ज्याला पेंटर म्हणतात, ‘वीक लिंक’ नावाच्या बारीक दुव्याला बांधलेला असतो. बुडणारे जहाज पेंटर ताणते, त्या ताणाने गॅसची बाटली उघडून तराफा फुगतो, आणि फुगलेल्या तराफ्याच्या ओढीने वीक लिंक तुटून तो मोकळा होतो. तो दुवा तुटण्यासाठीच केलेला असतो; ताकद २.२ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलोचा भार.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, पेंटर वीक लिंक सोडून थेट डेकवरच्या कडीला पक्का बांधणे. मग तराफा फुगतो पण जहाज त्याला खाली ओढून नेते. दुसरी, पेंटर कशालाच न बांधणे. मग पिंप न फुगताच वाहून जाते आणि पाण्यातली माणसे बघत राहतात. तिसरी चूक देशी आहे: पिंप हलते म्हणून किंवा चोरीला जाईल म्हणून त्यावर नायलॉनचा दोर आवळून चार गाठी मारणे. मग एचआरयू सुटले काय आणि न सुटले काय. या तिन्ही गोष्टी बघायला अर्धे मिनिट लागते आणि कोणतेही यंत्र लागत नाही. एकदा वापरून टाकायच्या प्रकारच्या एचआरयूची मुदत २ वर्षांची असते आणि ती त्यावरच महिना-वर्ष अशी नोंदवलेली असते. तराफ्याची सर्व्हिसिंग १२ महिन्यांनी करायची. अगदीच शक्य नसेल तर १७ महिन्यांपर्यंत सूट. सर्व्हिसिंगचा कागद फाइलमध्ये नीट असतो, पण तराफा परत बसवतो तो डेकवरचा घाईतला माणूस. म्हणून कागद पाहून भागत नाही.

बाकीच्या साधनांचेही असेच. आणीबाणीच्या जनरेटरने वीज गेल्यावर ४५ सेकंदांत आपोआप भार घेतला पाहिजे. मालवाहू जहाजावर १८ तास, प्रवासी जहाजावर ३६ तास चालेल इतके इंधन हवे. सर्व्हेच्या दिवशी तो हाताने चालू करून दाखवतात आणि सगळे समाधानाने मान डोलावतात. मुख्य विजेचा ब्रेकर पाडून दाखवा म्हटले की चेहरे बदलतात. आणीबाणीचा फायर पंप जहाज भरलेले असताना उत्तम पाणी देतो. रिकाम्या जहाजात, पाण्याची पातळी खाली असताना, कित्येकदा तो पाणी खेचतच नाही. तपासायचा तर तेव्हाच, दोन नळ्या एकदम सोडून. सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत फिरले पाहिजे, हे घड्याळ लावून बघायचे. इंजिनरूममधली आग विझवण्यासाठी ठेवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांत ठरलेल्या मर्यादेहून जास्त गॅस कमी झाला असेल तर ती बाटली पुन्हा भरायची. आणि सर्व्हिसिंगवेळी व्हॉल्व्हला लावलेल्या सेफ्टी पिना काढल्या आहेत ना, हेही पाहायचे. त्या राहून गेल्या तर आगीच्या वेळी हँडल ओढूनही गॅस सुटत नाही.

आता मुंबई बंदराकडे, कारण आपले बहुसंख्य वाचक जहाजात पाय ठेवतात ते इथेच: भाऊचा धक्का, गेटवे, मांडवा, घारापुरी, मोरा, रेवस. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली, ही आठवण कोकणात अजून पुसलेली नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. धडकेचे कारण वेगळे, त्यात लाँचच्या सर्व्हेचा संबंध नव्हता. पण ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी अशी परवानगी असलेल्या बोटीवर शंभरावर माणसे होती, हेही त्या वेळी पुढे आले. तेव्हा ८४ हा आकडा येतो कुठून, असा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

प्रवासीसंख्या बाकांची मोजदाद करून ठरत नाही. तीन आकडे निघतात आणि त्यांतला सर्वांत लहान धरायचा: जागेचा, जीवरक्षक साधनांचा आणि स्थैर्याचा. स्थैर्यासाठी आधी बोटीवर ‘इन्क्लायनिंग’ची चाचणी करतात. शांत पाण्यात माहितीतली वजने एका बाजूहून दुसरीकडे सरकवायची आणि लांब ओळंबा किती ढळतो ते मोजायचे. त्यावरून बोटीचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते निघते. मग गणित: माणशी निदान ७५ किलो, उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य डेकपासून १ मीटर वर, बसलेल्याचा बाकापासून ३० सेंमी वर. आंतरराष्ट्रीय संहितेनुसार सगळे प्रवासी एका कडेला गोळा झाले तरी बोट १० अंशांहून जास्त कलता कामा नये. देशांतर्गत नियमांत आकडे थोडे इकडेतिकडे असतील, भौतिकशास्त्र तेच.

आता त्याच बोटीवर पुढे काय चढते ते बघा. वरच्या डेकवर उन्हासाठी लोखंडी सांगाड्याचे छप्पर, त्यावर सोलर पॅनेल, पाण्याची टाकी, मागे पत्र्याची स्वच्छतागृहाची खोली, नव्या जड खुर्च्या. प्रत्येक वस्तू बोटीला जड करते आणि तिचा गुरुत्वमध्य वर नेते. प्रवासी जहाजांसाठी ५ वर्षांतून एकदा रिकाम्या जहाजाचे वजन पुन्हा तपासायचे असते. फरक २ टक्क्यांहून जास्त निघाला, किंवा गुरुत्वमध्य लांबीच्या १ टक्क्याहून जास्त पुढे-मागे सरकलेला दिसला, तर इन्क्लायनिंग पुन्हा करावे लागते. हा नियम मोठ्या जहाजांचा आहे. बंदरातल्या प्रत्येक लाँचला तो तसाच लावावा, असे आमचे ठाम मत आहे. खर्च फार नाही: एक शांत सकाळ, काही वजने, दोन ओळंबे आणि एक नौकास्थापत्याचा जाणकार. वरच्या डेकवर माणसे घ्यायची की नाहीत, हेही त्यातच कळते. लाइफजॅकेटच्या बाबतीतही मोठ्या प्रवासी जहाजांचा दंडक घ्यावा: जितकी माणसे तितकी, वर ५ टक्के जादा डेकवर दिसतील अशी, आणि प्रवाशांच्या निदान १० टक्के मुलांच्या मापाची. मोठ्यांचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले की जॅकेट वर राहते आणि मूल खाली सटकते. ती बाकाखाली जाळीत बांधून ठेवली तर असून नसल्यासारखी.

एकाच खाडीच्या पाण्यात लाँच २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली राज्याच्या सागरी मंडळाकडे, शेजारची टग व्यापारी नौवहन कायद्याखाली एमएमडीकडे आणि मासेमारी बोट मत्स्यव्यवसाय खात्याकडे, अशी वाटणी आहे. तीन कार्यालये, तीन नोंदवह्या. २०२१च्या कायद्यात नोंदणीची मध्यवर्ती इलेक्ट्रॉनिक यादी सांगितली आहे. ती प्रवाशाला धक्क्यावर उभे राहून मोबाइलवर पाहता यावी आणि तिच्यात फक्त नोंदणी क्रमांक नको, शेवटचा सर्व्हे कधी झाला, किती प्रवाशांची परवानगी आहे आणि कोणत्या त्रुटी बाकी आहेत हे दिसावे. तोवर चढण्याच्या शिडीपाशी मराठीत, वीतभर उंचीच्या अक्षरांत प्रवासीसंख्या रंगवणे सक्तीचे करावे. तांडेलाच्या डोक्यामागे काचेत लावलेला कागद कोणी वाचत नाही.

परदेशी जहाजांबद्दल थोडक्यात. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ लायबेरियाच्या ध्वजाखाली होते आणि १९९७ साली बांधलेले होते. अशा जहाजाला प्रमाणपत्र देणे आपल्या हातात नसते. आपल्या बंदरात आले तर एमएमडीचा अधिकारी त्याची तपासणी करू शकतो. हिंदी महासागरातल्या देशांचा तसा करार आहे आणि त्याचे सचिवालय गोव्यात आहे. आधी कागद आणि डेकवरून फेरफटका. संशयाला जागा दिसली की सविस्तर तपासणी. प्रत्येक त्रुटीपुढे संकेतांक पडतो: १६ म्हणजे १४ दिवसांत दुरुस्ती, १७ म्हणजे निघण्याआधी, ३० म्हणजे जहाज अडवले. आपल्या बातमीदारांनी अपघातग्रस्त जहाजाच्या मागच्या ३ वर्षांच्या तपासण्या काढाव्यात. त्यात एकच त्रुटी, समजा बॅलास्टच्या (तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्याच्या) व्हॉल्व्हची किंवा फायर डँपरची (आगीच्या वेळी हवा बंद करणाऱ्या झडपेची), वेगवेगळ्या बंदरांत पुन्हा पुन्हा दिसली, तर ‘वैध प्रमाणपत्रां’ची खरी बातमी तीच.

शेवटी वेळेचे. गेटवे-मांडवा मार्गावरच्या लाँच मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. वर्षातून एकदा सर्व बोटी एकाच वेळी रिकाम्या मिळतात, असा योग मोठ्या जहाजांच्या सर्व्हेयरला कधी लाभत नाही. तेव्हा या बोटींचा वार्षिक सर्व्हे तरंगत्या अवस्थेत न करता स्लिपवेवर, म्हणजे किनाऱ्याच्या बांधलेल्या उतारावर, ओढून, तळ धुऊन, रंगाचा नवा हात चढण्याआधी करावा. समुद्राच्या पाण्याचे प्रत्येक व्हॉल्व्ह खोलून आतली बैठक बघावी. पंख्याचा शाफ्ट बाहेर येतो तिथल्या बेअरिंगमध्ये फट किती पडली ती फीलर गेजने मोजून लिहावी, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी. बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले झिंकचे तुकडे निम्मे झिजले असतील तर बदलावेत. ते अजिबात झिजलेले नसतील तर आणखी काळजी करावी, कारण मग झीज बोटीच्या अंगाची चालली आहे: बहुधा झिंकवरूनच रंग मारलेला असतो किंवा त्याचा धातूशी जोड सुटलेला असतो. लाकडी बोटीच्या फळ्यांच्या सांध्यांत टोचा घालून बघावा, विशेषतः इंजिनाखाली, जिथे तेलामुळे काही दिसत नाही. आणि हा अहवाल, मोजलेल्या आकड्यांसह, पहिली फेरी सुटण्यापूर्वी संकेतस्थळावर टाकावा. आपल्या वार्ताहराने दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागावा.

कळावे,
आपले,
जहाज सर्वेक्षण व मरीन इंजिनिअरिंग क्षेत्रातील काही वाचक, मुंबई